जेबेझ रोडाची छापील साक्ष

माझा नवरा बरा झाला, हे मला वर्तमानपत्रातून कळलं.

त्या वेळी तो परसात लाकडं फोडत होता. फोडत होता म्हणजे एक घाव घालायचा, मग कुऱ्हाडीच्या दांड्यावर रेलून खोकायचं, मग पुन्हा एक घाव. मी आत त्याच्या उद्याच्या पेस्टीसाठी, म्हणजे कामावर न्यायच्या मांस-बटाट्याच्या करंजीसाठी, कणीक मळत होते. एवढ्यात शेजारची थॉमझिन यूरेन दार न वाजवता आत आली. दार वाजवणं तिला आजवर कधी जमलेलं नाही. तिच्या हातात बेंडिगोहून आलेला पेपर होता.

"लव्हडे, कमाल आहे हं तुझी! एवढी आनंदाची गोष्ट, आणि भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या बाईला ती पेपरातून कळावी?"

"कसली गोष्ट?"

"घ्या! वर साळसूदपणा बघा!" असं म्हणून तिनं माझं पीठ बाजूला सारलं, पेपर पसरला आणि चॅपलमध्ये पाठ वाचतात त्या आवाजात वाचायला लागली.

"'मी जेबेझ रोडा, राहणार लाँग गली, धंदा खाणकाम. कित्येक वर्षं मी छातीच्या दुखण्यानं पिचलो होतो. रात्री डोळ्याला डोळा लागत नव्हता, दिवसा चार पावलं चालवत नव्हती. डॉक्टरांनी हात टेकले. अशा वेळी डॉ. ऑरेलियस फेन यांचा जगविख्यात छातीचा अर्क घेतला आणि आज मी ठणठणीत बरा आहे. ही साक्ष मी देवाला स्मरून, स्वखुशीनं देत आहे.'"

खाली चित्र होतं. चित्रातल्या माणसाची छाती पिंपासारखी होती आणि मिशा भरघोस होत्या. माझ्या नवऱ्यानं जन्मात मिशा ठेवल्या नाहीत.

"चित्र जरा निराळं आलंय," थॉमझिन म्हणाली, "पण कपाळ त्याचंच."

परसातून खोकला आला. चांगला लांबलचक, शेवटी शीळ वाजणारा. आम्ही दोघींनी ऐकला.

"कोण खोकतंय?"

"जेबेझ."

तिनं पेपराकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, परत पेपराकडे बघितलं. "सवय असेल गं," ती म्हणाली. "इतक्या वर्षांची सवय. आजार जातो, सवय मागे राहते. आमच्या सॅम्प्सनचा पाय तुटला होता ना, तो बरा झाल्यावरही वर्षभर लंगडत होता मेला."

मी पीठ पुन्हा पुढ्यात ओढलं.

जेबेझ आत आला तेव्हा थॉमझिननं त्याला पहिल्यापासून पुन्हा वाचून दाखवलं. मला वाटलं हा हसेल, नाहीतर भडकेल. तो लाल झाला. मग भिंतीवरच्या आरशासमोर जाऊन त्यानं खांदे मागे घेतले आणि तसाच उभा राहिला. थॉमझिन पेपर घेऊन पुढच्या घरी पळाली.

"जेबेझ, हे कुठून आलं?"

"मीच दिलं."

"कधी?"

"बूट आणायला बेंडिगोला गेलो होतो ना, तेव्हा. हॉलमध्ये डॉ. फेनचं व्याख्यान होतं. बँड होता, लव्हडे! आणि भिंतीवर फुप्फुसांचं रंगीत चित्र, दारापेक्षा मोठं. त्यानं सगळ्यांना चमचा चमचा अर्क दिला. काय सांगू तुला, छाती पिसासारखी हलकी झाली, खोकला जागच्या जागी बसला. मग तो म्हणाला, 'उठून साक्ष कोण देतो?' एवढा हॉल भरलेला, पण एक माणूस उठेना. मला कसंतरीच झालं."

"म्हणून तू उठलास?"

"चॅपलमध्ये साक्ष मागावी आणि कुणी उठू नये, तेव्हा कसं वाटतं ते तुला नवं आहे का?"

नवं नव्हतं. पण माझ्या डोक्यात प्रकाश पडेना. "अरे, पण तू बरा झालेला नाहीस! आत्ता खोकत होतास!"

"होईन की. चॅपलमध्ये आपण काय करतो? आधी उभं राहून सांगतो, माझं तारण झालं. सांगताना झालेलं असतं का? सांगितल्यावर होतं. तूच म्हणाली होतीस ना, पहिल्या साक्षीच्या दिवशी गुडघे लटपटत होते आणि आत काही म्हणजे काही वाटत नव्हतं, ते घरी आल्यावर वाटलं?"

म्हणाले होते. अगदी याच शब्दांत म्हणाले होते. सोन्याच्या खाणींसाठी समुद्र ओलांडून आलेल्या आम्हा कॉर्नवॉलच्या मेथडिस्ट लोकांत हे असंच असतं. विश्वास पुढे चालतो, प्रचीती त्याच्या मागून येते. आणि एकदा साक्ष देऊन जो मागे फिरतो, त्याला आमच्यात दारुड्याच्याही खालचा समजतात. दारुडा निदान अजून देवाकडे यायचा असतो, हा येऊन परत गेलेला. जेबेझनं आत्म्याचा नियम फुप्फुसांना लावला होता, एवढंच. तो नियम फुप्फुसांना लागतो का, हे मला कुणी शिकवलेलं नव्हतं.

"आता मी खोकणार नाही," तो म्हणाला.

आणि खरंच खोकला नाही.

त्याच आठवड्यात डॉ. फेनकडून भुशात गुंडाळलेल्या बाटल्यांची पेटी आली, साक्षीबद्दल आभार म्हणून. जेबेझ सकाळ-संध्याकाळ आणि मध्ये वाटेल तेव्हा चमचा घ्यायचा. लग्न झाल्यापासूनच्या आयुष्यात बराचसा काळ मी तो खोकला ऐकत होते. पूर्वी जेबेझ पाळीवरून घरी यायच्या आधी तो खोकला पोचायचा, मग मला कळायचं की चहा टाकायचा. आता घर एवढं शांत झालं की मी भांडी मुद्दाम आपटायला लागले. तो शांत बसायचा, हसायचा, बोलता बोलता खुर्चीतच झोपायचा. जेवण निम्म्यावर आलं. डोळ्यांच्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्या. पण खोकला नाही! लोक म्हणायचे बघ, आणि मी बघायचे, आणि मला काय दिसतंय ते मला कळायचं नाही.

"हातच्या कांकणाला आरसा कशाला?" थॉमझिन म्हणायची. "कान दे. ऐकू येतंय काही?"

"नाही."

"मग झालं तर! तुझं ना, सुख टोचतं तुला."

एकदा मी स्वतःच चमचाभर अर्क घेऊन बघितला. गोड होता, मागे कडू. त्या दिवशी कपडे धुवायचे होते आणि माझी कंबर सकाळपासून बोंब मारत होती. थोड्या वेळानं कंबर गप्प झाली. अशी गप्प झाली की मला कंबर आहे हेच मी विसरले. एवढं गोड वाटत होतं की मी क्षणभर टेकले, आणि उठले तेव्हा भट्टीतल्या पावाचा कोळसा झाला होता आणि कपडे तसेच भिजत पडले होते. आता हे औषध चांगलं म्हणायचं की वाईट? कंबर थांबली हे खरं. पाव जळला हेही खरं. मी डोकं धरून बसले.

लोक दारावर यायला लागले. कुणाची बहीण, कुणाचा बाप, कुणी तर पार कॅसलमेनहून गाडी करून. सगळ्यांना बरा झालेला माणूस बघायचा असे. जेबेझ दारात उभा राही, छाती पुढे काढून, आणि ते लोक त्याच्याकडे असे बघत की मला त्यांना चहा दिल्यावाचून राहवत नसे. मला अभिमान वाटत होता, हेही सांगून टाकते. धुणं धुणाऱ्या लव्हडे रोडाच्या दारासमोर गाडी उभी राहते म्हणजे काय!

मग कॅप्टन पेंग्ली आले.

कॅप्टन म्हणजे खाणीचे मुख्य. वर आणि खाली त्यांचाच शब्द चाले, आणि रविवारी चॅपलमध्येही तेच पुढे. जेबेझनं उमेदीची सगळी वर्षं गारेच्या दगडात भोकं पाडण्यात घालवली होती आणि त्या दगडाची धूळ त्याच्या छातीत बसली होती. आमच्या गावच्या डॉ. मेसिटरांनी त्याला तपासून सांगितलं होतं, याला पुन्हा खाली पाठवू नका, वरच्या हवेत ठेवलंत तर अजून काही वर्षं निघतील. तेव्हा कॅप्टननीच त्याला वर निवडीच्या फळीवर घेतलं होतं. तिथे आलेल्या दगडातून सोन्याचा वेगळा करायचा. म्हातारे, लुळे आणि पोरंटोरं करतात ते काम. जेबेझ तिथून घरी यायचा तेव्हा जेवताना माझ्याकडे बघत नसे.

"बंधू रोडा," कॅप्टन दारातूनच म्हणाले, "पेपर वाचला. देवाची कृपा! मला खालच्या तळाला काम जाणणारा माणूस हवाय. सोमवारी येतोस?"

"येतो, कॅप्टन!" जेबेझ असा उठला, जशी काही खुर्ची तापली होती.

"कॅप्टन," मी म्हणाले, "डॉक्टर मेसिटर म्हणाले होते..."

"ते जुनं झालं, भगिनी रोडा. तेव्हा तो आजारी होता."

तेव्हा तो आजारी होता, हे खरंच होतं. मला फक्त एवढंच ठरवायचं होतं की आता तो आजारी आहे की नाही. बरा असेल तर त्याला अडवणं पाप. बरा नसेल तर जाऊ देणं त्याहून मोठं पाप. सोमवारी सकाळी तो माणसं खाणीत उतरवणाऱ्या पिंजऱ्यात उभा राहून खाली जाणार होता, आणि ज्या बाईनं त्याचे कपडे धुतले, जेवण रांधलं, शेजारी झोपली, तिला सांगता येत नव्हतं की हा माणूस बरा आहे का आजारी.

शनिवारी सकाळी मी डॉ. मेसिटरांकडे गेले. त्यांच्या दारावर तळहाताएवढी पितळी पाटी होती, त्यावर नाव आणि पदवी, बाकी काही नाही. किती लोक बरे केले, कोणकोणत्या राजघराण्यांनी पदकं दिली, काहीच नाही. डॉ. फेनची जाहिरात पेपराच्या अर्ध्या पानावर असायची. आमच्या गल्लीत सगळे उघड म्हणायचे, ज्याच्याकडे सांगण्यासारखं असतं तो सांगतो.

"डॉक्टर, माझा नवरा बरा झालाय का?"

"पेपर तर तसं म्हणतो," ते म्हणाले, आणि लगेच शरमले. "माफ करा, मिसेस रोडा. खोकला?"

"बंद."

"झोप?"

"बसल्या जागी."

"डोळे?"

मी बाहुल्यांचं सांगितलं. त्यांनी उठून दार लावून घेतलं. मला हसूच आलं, कारण बाहेर कुणीही नव्हतं.

"त्या अर्कात अफू आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "अफूनं खोकला गप्प बसतो. धूळ आहे तिथेच आहे. खोकला हा चोर नाही हो, राखणीचा कुत्रा आहे. कुत्र्याला गुंगी दिली म्हणून घरात चोर नाहीत असं..." ते थांबले. "त्याला खाली पाठवू नका."

"मग हे तुम्ही पेपरात का छापत नाही?"

"आम्हाला तसं करता येत नाही."

"कोण हात धरतं?"

"आमच्यात ते बसत नाही. जो डॉक्टर स्वतःची जाहिरात करतो, त्याच्या शेजारी दुसरा डॉक्टर रोग्याच्या खाटेजवळ उभा राहत नाही. आणि दुसऱ्याच्या औषधाला चारचौघांत नावं ठेवायची, तीही एका परीनं स्वतःची जाहिरातच."

"म्हणजे ज्याला ठाऊक आहे त्यानं दार लावून कुजबुजायचं, आणि ज्याला ठाऊक नाही त्यानं बँड लावून सांगायचं?"

"साधारण... हो."

"आणि आमच्यासारख्यांनी ओळखायचं कसं?"

"ते मलाही माहीत नाही," ते म्हणाले.

बोलणाऱ्याची माती खपते आणि न बोलणाऱ्याचं सोनंही खपत नाही, ते हेच. माणूस खोटं बोलत नव्हता, हे मला दिसत होतं. पण तो प्रत्येक वाक्याला चाचरत होता, आणि पेपर कुठेही चाचरत नव्हता. मी उठले ती आले होते त्याहून जास्त गोंधळून. त्यांचा मला राग आला. एवढं शिकून माणसाला एक गोष्ट ठणकावून सांगता येऊ नये?

दाराशी पोचल्यावर त्यांनी विचारलं, "गातो का हो तो अजून?"

"कोण, जेबेझ? खोकला लागल्यापासून नाही."

"नाताळात मी एकदा तुमच्या चॅपलबाहेर उभा राहून ऐकलं होतं. काय खर्ज होता!" त्यांनी कडीवर हात ठेवला. "अफूला खोकला बंद करता येतो, मिसेस रोडा. श्वास आणून देता येत नाही."

दुसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, चॅपलमध्ये प्रीतिभोजन होतं. केशर घातलेले गोड पाव आणि साधं पाणी. पाण्याचा दोन कानांचा मोठा पेला हातोहात फिरतो, आणि ज्याला आतून वाटेल तो उठून साक्ष देतो. अध्यक्षपदी अर्थातच कॅप्टन पेंग्ली. चॅपल खच्चून भरलं होतं. जेबेझ बोलणार हे थॉमझिनच्या कृपेनं दोन मैलांवरच्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं.

जेबेझ उठला. निघताना त्यानं दोन चमचे घेतले होते. तो छान बोलला. म्हणाला, मी कशा रात्री काढल्या, कसा बेंडिगोला गेलो, कसा उठून उभा राहिलो आणि त्या क्षणापासून कसा माझा खोकला गेला. "आणि उद्या," तो म्हणाला, "मी माझ्या माणसांबरोबर पुन्हा खाली जाणार आहे."

"आमेन!" सगळं चॅपल म्हणालं. बायका डोळे पुसत होत्या. माझेही डोळे भरले, का ते मला कळलं नाही.

"भगिनी रोडा," कॅप्टन म्हणाले, "तुम्हाला काही सांगायचं असेलच."

मी उभी राहिले. मला ओरडून सांगायचं होतं की थांबा, ह्याचं मला खरं वाटत नाही. पण आमच्यात दुसऱ्याच्या साक्षीवर बोट ठेवत नाहीत. स्वतःला जे माहीत आहे तेवढंच सांगायचं. आणि मला काय माहीत होतं? काहीच नाही. मला काही माहीत नाही, अशी साक्ष आजवर कुणी दिलेली नव्हती.

"मला बोलायला जमत नाहीये," मी म्हणाले. "मी गाणं उचलते."

ज्याला बोलवत नाही त्यानं गाणं उचलावं, ही आमची जुनी मुभा. मी ते गाणं उचललं जे जेबेझचं म्हणून ओळखलं जायचं. त्यात पहिल्या दोन ओळी सगळे मिळून गातात. तिसऱ्या ओळीला सगळे थांबतात आणि फक्त खर्जातले पुरुष गातात: 'अंधाराच्या तळातून मी वर येईन'. ती ओळ संपल्याशिवाय बाकी कुणाला पुढे जाता येत नाही. ती ओळ पूर्वी जेबेझ न्यायचा, आणि तो गाईनासा झाल्यापासून थॉमझिनचा नवरा सॅम्प्सन.

गाणं भरभरून उठलं. पहिली ओळ गेली. दुसरी गेली. माझा बेत एवढाच होता की जेबेझ बाकीच्यांबरोबर गाईल, आणि मी त्याच्या शेजारी उभी असल्यानं मला एकटीला कळेल, श्वास आहे का नाही. तेवढंच मला हवं होतं. पण तिसरी ओळ आली आणि सॅम्प्सन यूरेननं तोंड उघडलंच नाही. तो जेबेझकडे बघून हसला आणि मान लववली, की घे रे, तुझी ओळ तुला परत. बाकीच्या खर्जवाल्यांनीही तोंडं मिटली. त्यांचा त्याच्यावर विश्वास बसला होता, म्हणून त्यांनी त्याला एकट्याला सोडलं.

जेबेझनं सुरुवात केली.

"अंधाराच्या..."

तो आवाज आला. तोच, जुना, पायाखालच्या फळ्या थरथरवणारा. बरा झालाय! अगं बाई, हा खरंच बरा झालाय, आणि मी मूर्ख बाई शंका घेत बसले!

"...तळा..."

आणि संपलं. खोकला आला नाही. खोकला आला असता तर लोकांना निदान ठाऊक तरी असतं की काय झालं. काहीच आलं नाही. त्याचं तोंड उघडं होतं, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या, ओठ निळे पडत होते, आणि आवाज नव्हता. सगळं चॅपल तोंड उघडून थांबलं होतं, कारण ती ओळ पुरी झाल्याशिवाय पुढे जायचं नसतं. पाण्याचा पेला कॅप्टनच्या हातात तसाच राहिला. मी जेबेझचा हात धरला. तो त्यानं सोडवून घेतला.

शेवटी सॅम्प्सननं ओळ जिथे पडली होती तिथूनच उचलली, अगदी हलक्या आवाजात. मग बाकीचे आले. गाणं पुरं झालं. जेबेझ खाली बसला होता.

बाहेर पडताना दारात कॅप्टननी त्याच्या दंडाला हात लावला. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. "बंधू रोडा, उद्या वरच ये. फळीवर मला माणूस कमी आहे."

"बरं, कॅप्टन," जेबेझ म्हणाला.

घराकडे जाताना खाणीतून काढून टाकलेल्या वाळूच्या ढिगाऱ्याचा चढ लागतो. एरवी जेबेझ तिथे बुटाची नाडी बांधायच्या निमित्तानं थांबायचा. त्या दिवशी नुसताच थांबला.

"मुद्दाम उचललंस ते गाणं."

"हो."

"तुला ठाऊक होतं मला जमणार नाही."

"नव्हतं ठाऊक! देवाशपथ नव्हतं, जेबेझ. मला काही कळतच नव्हतं. तुला बरा म्हणू की आजारी, रोज सकाळी उठून मी हेच कोडं सोडवत होते."

"मग मला विचारायचंस."

"तू काय सांगितलं असतंस?"

त्यानं विचार केला. "बरा आहे म्हणून," तो म्हणाला, आणि त्याला जरासं हसू आलं. मग तो म्हणाला, "मला माहीत होतं, लव्हडे. पहिल्यापासून माहीत होतं. छाती माझी आहे."

"आणि तरी खाली जाणार होतास?"

"पेपर आल्यापासून मला एका माणसानं 'कसा आहेस' म्हणून विचारलं नाही. एकानंही नाही. सगळे हवापाण्याचं बोलायचे, घोड्यांच्या शर्यतीचं बोलायचे. मतदानाची चर्चा निघाली की माझं मत विचारायचे. तुला नाही कळायचं ते."

"आणि तेवढ्यासाठी मरणार होतास?"

"मरायचं तर आहेच. बरा माणूस म्हणून मेलो असतो."

मी त्याला वाचवलं की त्याचं काहीतरी हिसकावून घेतलं, हे मी पुष्कळदा मनाशी बोलून बघितलं आहे, आणि दरवेळी निम्म्यात अडकले आहे. त्या क्षणी मला फक्त राग आला. त्याचा, फेनचा, दार लावून कुजबुजणाऱ्या मेसिटरचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा.

तेवढ्यात त्याला खोकला आला. दुपारच्या चमच्यांचा जोर उतरला असावा. इतक्या दिवसांचा साठलेला सगळा खोकला एकदम आला आणि तो गुडघ्यांवर हात टेकून वाकला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. या खेपेला त्यानं तो राहू दिला.

मागून थॉमझिन येत होती. तिनं आम्हाला गाठलं, आणि जन्मात पहिल्यांदा तिला बोलायला काही मिळेना. ती एप्रनच्या टोकाशी चाळा करत उभी राहिली. जेबेझ सरळ झाला, त्यानं तोंड पुसलं.

"कसा... कसा आहेस रे, जेबेझ?" ती म्हणाली.

मला तिचं तोंड दाबावंसं वाटलं. जेबेझनं माझ्याकडे बघितलं. मग त्यानं टोपी काढली, जशी चॅपलमध्ये उभं राहताना काढतात, आणि तिच्या डोळ्यांत बघून म्हणाला, "आजारी आहे, थॉमझिन. बराच आजारी आहे."

सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "आमेन."

मग आम्ही तिघं चढ चढायला लागलो, त्याच्या चालीनं.